महिनाभर बंद ठेवलेली गोळी

रमजानचा चांद दिसायला तीन-चार दिवस उरले की औषधांच्या दुकानांत एक संवाद हमखास ऐकू येतो. साठीच्या पुढचे कुणी चाचा खिशातून घड्या पडलेली चिठ्ठी काढतात, काउंटरवर पसरतात आणि म्हणतात, "भाऊ, बीपीची द्या, शुगरची द्या. ती तिसरी राहू द्या. ती ईदनंतर बघू." दुकानदार ओळखीचा असतो. तो म्हणतो, "चाचा, ती तर रात्री घ्यायची आहे. रोज्याला तिची काय अडचण?" त्यावर चाचांचे उत्तर तयार असते, "अरे, दिवसभर खायचंच नाही, तर चरबी वाढेल कुठून?" मागे उभे असलेले दोघे-तिघे मान डोलावतात. त्यात श्रावणात सोमवार धरणारे आणि त्या दिवशी आपलीही हीच गोळी टाळणारे एखादे काकाही असतात.

ही तिसरी गोळी म्हणजे कोलेस्टेरॉलची. अटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन, क्वचित जुन्या रुग्णांकडे सिम्व्हास्टॅटिन. या सगळ्यांना मिळून स्टॅटिन म्हणतात. चिठ्ठीवरच्या औषधांत सगळ्यात आधी बळी जातो तो हिचा, आणि त्यामागे कारण आहे. साखर वाढली की तहान लागते, वारंवार लघवीला जावे लागते. बीपीचा आकडा घरातल्या यंत्रावर दिसतो. कोलेस्टेरॉलचे काहीच दुखत नाही, खुपत नाही. गोळी घेतली तरी बरे वाटत नाही आणि सोडली तरी वाईट वाटत नाही. मग जी घेऊन काही कळत नाही, ती एक महिना नसली तर काय बिघडले, हा हिशेब माणूस आपोआप करतो.

बिघडते ते आतल्या आत. स्टॅटिन बंद केले की दोन ते चार आठवड्यांत रक्तातले एलडीएल, म्हणजे ज्याला लोक 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतात ते, जवळजवळ जुन्या पातळीवर परत येते. रमजान एकोणतीस किंवा तीस दिवसांचा. म्हणजे ईदचा चांद दिसेपर्यंत वर्षभराच्या गोळीने मिळवलेले बरेचसे गेलेले असते. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, स्टेंट बसवलेल्या किंवा अर्धांगवायूतून सावरलेल्या माणसाच्या बाबतीत ही केवळ आकड्यांची गोष्ट राहत नाही. अशा रुग्णांनी स्टॅटिन अचानक सोडले तर पुन्हा झटका येण्याचा धोका वाढतो. आणि 'ईदनंतर बघू' म्हणून थांबवलेली गोळी ईदनंतर पुन्हा सुरू होतेच असेही नाही.

चाचांचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खाणे थांबले तर चरबी कुठून येईल, हे वरवर बिनतोड वाटते. त्याचे उत्तर यकृतात आहे. कोलेस्टेरॉल हा बाहेरून शिरलेला शत्रू नव्हे. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असते. पित्तरस, ड जीवनसत्त्व, अनेक हार्मोन्स त्यापासूनच घडतात. म्हणून शरीर ते जेवणावर सोडून देत नाही, बहुतांश स्वतःच बनवते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. हा कारखाना रोज्यातही बंद पडत नाही. उलट त्याचे काम रात्रीच्या वेळी अधिक जोरात चालते.

शाकाहारी घरांत कोलेस्टेरॉल वाढलेले सापडले की जो धक्का बसतो, त्याचेही उत्तर हेच. "आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही हो," असे सांगणाऱ्या वहिनींचा रिपोर्ट शेजारच्या खालाजानच्या रिपोर्टपेक्षा वाईट निघू शकतो. कोलेस्टेरॉल फक्त प्राणिज पदार्थांत असते हे खरे. शेंगदाणा तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल नाही' असे छापलेले असते तेही खरेच, पण ते कुठल्याच वनस्पती तेलात कधीच नव्हते. रक्तातले एलडीएल वाढवण्यात ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा मोठा हात असतो तो तूप, डालडा, पामतेल, खोबरेल आणि मांसावरची चरबी यांतल्या संपृक्त स्निग्धांशाचा. आणि काही घरांत तर ते रक्तातूनच येते. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला हा आनुवंशिक दोष असतो. अशांचे एलडीएल तरुणपणीच १९०च्या वर जाते, मग ताटात काहीही असो. डोळ्यांच्या कोपऱ्याशी पिवळसर चट्टे, घोट्याच्या मागच्या शिरेवर गाठी, आणि घरात कुणाला चाळिशीतच आलेला झटका, या खुणा दिसल्या तर भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्यावी लागते.

या गोळीचा जन्म कुठे झाला हे सांगितले तर अनेकांना खरे वाटणार नाही. ती बुरशीतून आली, आणि तीही तांदळावरच्या.

अकिरा एंडो हे जपानच्या उत्तरेकडील अकिता भागातल्या शेतकरी कुटुंबात १९३३ साली जन्मले. बुरशी आणि आळंबी यांची ओळख त्यांना आजोबांनी करून दिली. पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग हे त्यांचे आदर्श. पुढे सांक्यो या औषध कंपनीत लागल्यावर ते दोन वर्षे न्यूयॉर्कला शिकायला गेले. तिथे त्यांना दिसली ती लठ्ठ माणसे, मांसाची मोठी ताटे आणि झटका आलेल्यांना घेऊन धावणाऱ्या रुग्णवाहिका. परत आल्यावर १९७१ मध्ये त्यांनी एक साधा पण वेडा वाटावा असा विचार धरला. बुरशीला जंतूंशी झगडावे लागते. काही जंतूंना जगायला कोलेस्टेरॉलच्याच कुळातले पदार्थ लागतात. मग एखाद्या बुरशीने त्यांची ही रसद तोडणारे अस्त्र तयार केले नसेल कशावरून?

शोध सुरू झाला. एकामागून एक बुरशी वाढवायची, तिचा अर्क काढायचा, तो यकृतातल्या त्या एका विकरावर, म्हणजे एन्झाइमवर, टाकून पाहायचा. लागू पडला नाही की फेकायचा आणि पुढची बुरशी घ्यायची. असे सहा हजारांहून अधिक नमुने झाले. घरात शिळ्या भाकरीवर किंवा टोपलीच्या तळाशी राहिलेल्या लिंबावर जी निळसर-हिरवी बुरशी येते, तिच्याच जातकुळीतली एक बुरशी क्योटोमधल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावर सापडली होती. पेनिसिलियम सिट्रिनम. १९७३ मध्ये तिच्यातून हवा असलेला पदार्थ मिळाला. त्याला नाव पडले कॉम्पॅक्टिन. ते जगातले पहिले स्टॅटिन.

यानंतरची कथा सरळ नाही. उंदरांना औषध दिले, त्यांचे कोलेस्टेरॉल हलेना. कंपनीत काम गुंडाळायची वेळ आली. तेव्हा अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर प्रयोग करून पाहण्याची कल्पना निघाली. अंड्यात कोलेस्टेरॉल भरपूर, म्हणजे कोंबडीच्या रक्तातही ते भरपूर असणार. कोंबड्यांचे कोलेस्टेरॉल झपाट्याने उतरले. १९७८ मध्ये ओसाकातल्या एका डॉक्टरांनी आनुवंशिक दोषामुळे कोलेस्टेरॉल भयंकर वाढलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला हे औषध दिले. कोलेस्टेरॉल उतरले, पण मात्रा जास्त झाल्याने तिच्या स्नायूंत अशक्तपणा आला. मात्रा कमी केल्यावर तो गेला. स्टॅटिनचा फायदा आणि स्टॅटिनची तक्रार, दोन्ही पहिल्याच रुग्णात दिसले होते. पुढे कुत्र्यांवरच्या चाचण्यांत धोक्याची शंका आल्याने १९८० मध्ये कंपनीने कॉम्पॅक्टिन सोडून दिले. दरम्यान अमेरिकेतल्या मर्क कंपनीने दुसऱ्या बुरशीतून लोव्हास्टॅटिन काढले होते. १९८७ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळून बाजारात आलेले पहिले स्टॅटिन ते. एंडो यांना या औषधांच्या अफाट विक्रीत वाटा मिळाला नाही. २००८ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, नोबेल मिळाले नाही. २०२४ च्या जूनमध्ये नव्वदीत त्यांचे निधन झाले, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत त्याची दखल फारशी दिसली नाही. रोज रात्री कोट्यवधी माणसे ज्याच्या कष्टाचे फळ पाण्याबरोबर गिळतात, त्याचे नाव इतके अनोळखी राहावे याचे नवल वाटते.

नोबेल मिळाले ते १९८५ मध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन अमेरिकी डॉक्टरांना. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत ओढणारे आकडे असतात, हे त्यांनी दाखवून दिले. स्टॅटिन कसे काम करते ते यावरून नीट कळते. गोळी रक्तातली चरबी 'जाळत' नाही आणि नळ साफ करावा तशी शिराही धूत नाही. ती यकृतातला कोलेस्टेरॉलचा कारखाना मंद करते. यकृताला टंचाई भासते. मग ते आपल्या पेशींवर आकड्यांची संख्या वाढवते आणि रक्तातून एलडीएल ओढून घेऊ लागते. रक्तातला आकडा उतरतो तो असा. गोळी थांबली की टंचाई संपते, आकडे कमी होतात, एलडीएल पुन्हा रक्तातच फिरत राहते. 'कोर्स पूर्ण झाला' असे या औषधाबाबत म्हणता येत नाही ते यामुळे. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी सोडणारे, पाऊस लागत नाही म्हणून छत्री मिटणाऱ्या माणसासारखे वागतात. पाऊस चालूच असतो.

आता वेळेचा प्रश्न. रमजानात तो सगळ्यात महत्त्वाचा आणि सुदैवाने सगळ्यात सोपा आहे. लोव्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन यांचा असर काही तासांत ओसरतो, म्हणून ती रात्री घ्यायची पद्धत पडली. अटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतात. ती चोवीस तासांत कधीही घेता येतात, वेळ रोजची ठरलेली असली म्हणजे झाले. इफ्तारनंतर, तरावीहहून घरी आल्यावर, झोपण्यापूर्वी किंवा सहेरीला, ज्याला जे लक्षात राहील ते. म्हणजे दिवसाची गोळी असलेल्यांनाही डॉक्टरांना विचारून ती रात्रीवर नेता येते. एकही रोजा न सोडता तीसच्या तीस गोळ्या घेता येतात. आपल्याकडे सध्या जेमतेम तेरा-चौदा तासांचा रोजा असतो, रात्र त्यापुढे मोकळीच असते.

धर्माची बाजूही इथे आडवी येत नाही. दिवसा गोळी गिळली तर रोजा तुटतो, यावर कुणाचे दुमत नाही. पण आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआननेच, सूरह बकरामध्ये, दिली आहे. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हा हदीसमधला सल्ला शुक्रवारच्या बयानात अनेकांनी ऐकलेला असतो. जिभेखाली ठेवायच्या छातीच्या गोळीबद्दल जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ मध्येच निर्णय दिला. विरघळून घशात उतरलेले गिळले नाही तर त्या गोळीने रोजा तुटत नाही, आणि तपासणीसाठी रक्त दिल्यानेही नाही. गोळीच्या बाबतीत काही उलेमांचे मत वेगळे असू शकते, तेव्हा शंका असेल त्यांनी आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना रमजानपूर्वीच विचारून ठेवावे. पण छातीत कळ आली, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकली, दरदरून घाम फुटला, तर मगरिबच्या अजानची वाट पाहत बसायचे नाही. तो रोजा नंतर भरून काढता येतो.

भाषेचीही इथे एक गंमत आहे. मराठीत ज्याला पथ्य म्हणतात त्याला उर्दूत परहेज म्हणतात. परहेज म्हणजे टाळणे, स्वतःला आवरणे. रमजानशी ज्या 'तकवा'चा संबंध सांगतात, त्याचा उर्दू अर्थही बहुधा 'परहेजगारी' असाच केला जातो. पथ्य या शब्दात 'पथ' आहे, म्हणजे ज्या वाटेने जायचे ती वाट. पण दोन्ही भाषा बोलणाऱ्या घरांत दवा आणि परहेज ही जणू एकमेकांना पर्याय असलेली दोन दुकाने आहेत असे समजले जाते. परहेज सुरू आहे, मग दवा कशाला. दवा सुरू आहे, मग परहेज कशाला. दुसरी चूक इफ्तारच्या दस्तरखानावर दिसते. "रात्री गोळी घेतोच आहे," म्हणत समोशाची दुसरी, तिसरी फेरी होते. निहारीवर तरंगणारा तेलाचा थर पावाने टिपला जातो. भजी तळून उरलेले तेल दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पुन्हा कढईत येते. दिवाळीच्या फराळात आणि गल्लीतल्या वडापावच्या गाडीवर वेगळे काही घडत नाही, तेव्हा कुणी कुणाला हसू नये.

कारखान्यात बनणाऱ्या तेला-तुपातले ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या आत असावे, असा नियम आपल्या देशात २०२२ पासून लागू आहे. पण एकाच तेलाला चार दिवस उकळी फोडणाऱ्या कढईपर्यंत कायदा पोचत नाही. पथ्याने एलडीएल उतरते, पण किती? साधारण दहा-पंधरा टक्के, तेही मनापासून पाळले तर. मोठ्या मात्रेतले स्टॅटिन ते निम्म्याने उतरवू शकते. ज्याचे एलडीएल किंचित जास्त आहे त्याला चालणे, वजन उतरवणे आणि ताट बदलणे पुरू शकते. ज्याच्या छातीत स्टेंट आहे त्याला ते पुरणार नाही. मात्र पथ्याचे फायदे कोलेस्टेरॉलपुरते नसतात. साखर, बीपी, वजन यांवरही त्याचा असर होतो, आणि तंबाखू-सिगारेट सोडण्याची बरोबरी तर कुठलीच गोळी करू शकत नाही. दिवसभर सिगारेटशिवाय राहणारा माणूस मगरिबनंतर पहिली गोष्ट म्हणून ती शिलगावतो, हे दृश्य मोहल्ल्यात रोज दिसते. तेरा तास जमते त्याला चोविसावा तासही जमेल, असे त्याला कुणी म्हणत नाही.

इफ्तारशी निगडित दोन बारीक गोष्टी औषधवाल्यांना ठाऊक असतात, घरी क्वचित पोचतात. तळलेले खाऊन जळजळ झाली की गुलाबी किंवा पांढरे अॅन्टासिड सिरप प्यायले जाते. अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचे असे सिरप आणि रोसुव्हास्टॅटिन एकत्र घेतले तर गोळीचा शरीराला मिळणारा वाटा जवळपास निम्मा होतो. आधी गोळी घ्यावी, सिरप दोन तासांनी. दुसरी गोष्ट फळांची. ग्रेपफ्रूट हे फळ सिम्व्हास्टॅटिन आणि अटोर्व्हास्टॅटिनचे रक्तातले प्रमाण वाढवते. आपल्याकडचे पपनस त्याच कुळातले, त्यातही तसेच घटक आहेत. संत्री-मोसंबीला हरकत नाही, खजुरालाही नाही. शिवाय घसा धरला म्हणून कुणी क्लॅरिथ्रोमायसिनसारखे अॅन्टिबायोटिक किंवा नायट्यासाठी इट्राकोनॅझोल लिहून देत असेल, तर कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे हे त्या डॉक्टरांना सांगायलाच हवे.

स्टॅटिनबद्दलची सगळ्यात मोठी भीती अंगदुखीची आहे. "गोळी सुरू केल्यापासून पायात गोळे येतात," हे वाक्य डॉक्टर रोज ऐकतात. ते खोटे नसते. दुखते ते खरेच दुखते. पण कशामुळे, हा वेगळा प्रश्न आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी तो फार सुंदर रीतीने तपासला. २०२० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्रासामुळे स्टॅटिन सोडलेली साठ माणसे होती. प्रत्येकाला बारा बाटल्या दिल्या. चारांत खरी गोळी, चारांत तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी आणि चार बाटल्या रिकाम्या. दर महिन्याला एक बाटली, कुठल्या महिन्यात कुठली ते ठरलेले नाही, आणि खरी कोणती, खोटी कोणती हे कुणालाच ठाऊक नाही. माणसांनी रोज आपला त्रास मोबाइलवर नोंदवला. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रास कमी होता. खऱ्या गोळीच्या महिन्यांत तो जवळपास दुप्पट झाला. आणि बिनऔषधाच्या गोळीच्या महिन्यांतही जवळजवळ तेवढाच. त्रासाचा नव्वद टक्के भाग गोळी घेण्याच्या धास्तीतून आलेला होता. हा निकाल त्याच माणसांना दाखवल्यावर त्यांतल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

उरलेले दहा टक्के मात्र औषधाचेच होते, आणि ते नाकारणे हाही अप्रामाणिकपणा ठरेल. काहींना खरोखर स्नायूंचा त्रास होतो. मात्रा कमी करून, गोळी बदलून किंवा एक दिवसाआड घेऊन तो बहुधा सुटतो. फार क्वचित, वर्षाला दहा हजारांत एकापेक्षाही कमी जणांत, स्नायू वितळू लागण्यापर्यंत मजल जाते. अंग असह्य दुखणे, हातपाय उचलता न येणे आणि लघवी काळ्या चहासारखी होणे ही त्याची लक्षणे. तसे झाले तर गोळी तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सेरिव्हास्टॅटिन नावाचे एक स्टॅटिन याच कारणामुळे २००१ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. मधुमेहाचीही गोष्ट खरी आहे. २०१० मधल्या एका मोठ्या विश्लेषणानुसार २५५ माणसांनी चार वर्षे स्टॅटिन घेतले तर त्यांतल्या एकाला जादा मधुमेह होतो. ज्यांची साखर आधीच काठावर आहे त्यांनी ती तपासत राहावे. यकृताची तपासणी गोळी सुरू करण्यापूर्वी करतात. गर्भवती आणि गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रियांना हे औषध सहसा देत नाहीत, तेव्हा आनुवंशिक दोष असलेल्या तरुण मुलींच्या लग्नानंतर हा विषय डॉक्टरांपुढे काढायला संकोचू नये.

मग फायदा किती? १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि वैद्यकशास्त्राची शंका फिटली. साधारण साडेपाच वर्षांत बिनऔषधाची गोळी घेणाऱ्या गटात २५६ माणसे दगावली, सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्या गटात १८२. ज्यांना आजार होऊन गेला आहे त्यांच्याबाबत वाद उरला नाही. ज्यांना अजून काहीच झालेले नाही त्यांचा हिशेब वेगळा आहे, आणि तो त्यांना उघडपणे सांगायला हवा. मूळचे केरळचे, बंगळूरमध्ये शिकलेले हृदयतज्ज्ञ डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली २१ देशांतल्या १२,७०५ लोकांवर एक अभ्यास झाला. त्यांत दक्षिण आशियाई माणसेही बरीच होती. २०१६ मध्ये निकाल आला. साडेपाच वर्षांत झटका, अर्धांगवायू किंवा त्यामुळे मृत्यू हे प्रमाण साध्या गोळीच्या गटात ४.८ टक्के, रोसुव्हास्टॅटिनच्या गटात ३.७ टक्के. टक्केवारीच्या भाषेत धोका २४ टक्क्यांनी घटला. सोप्या भाषेत, शंभर माणसांनी साडेपाच वर्षे गोळी घेतली तेव्हा साधारण एकाचा घात टळला.

हे दोन्ही खरे आहे. शंभरांत एक म्हणजे काहीच नाही असे ज्याला वाटते त्याने वय, साखर, बीपी, तंबाखू आणि घराण्यातला इतिहास डॉक्टरांपुढे ठेवून मगच ठरवावे. भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी गाठतो, हेही त्या हिशेबात धरावे लागते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार सर्वसाधारण माणसाचे एलडीएल १०० च्या आत असावे, जास्त धोका असलेल्यांचे ७० च्या आत आणि झटका येऊन गेलेल्यांचे ५५ च्या आत. लॅबच्या रिपोर्टवर एकच 'नॉर्मल' छापलेले असते. ते सगळ्यांना सारखे लागू पडत नाही. एकाचा नॉर्मल दुसऱ्याला धोक्याचा असतो.

लसूण, आले, लिंबू, सिरका आणि मध यांचा काढा सध्या सगळ्या मोहल्ल्यांत आणि सगळ्या वाड्यांत उकळतो आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत त्याला 'ब्लॉकेज उघडणारा' म्हणतात. जेवणात तो घेणाऱ्याने खुशाल घ्यावा. शिरेतला अडथळा त्याने उघडत नाही, आणि त्याच्या भरवशावर गोळी सोडणे जिवावर बेतू शकते. 'नैसर्गिक' म्हणून लाल यीस्टचा तांदूळही विकला जातो. एंडो यांनी १९७९ मध्ये लाल तांदूळ बनवणाऱ्या बुरशीच्याच कुळातून जो पदार्थ वेगळा केला, तो आणि लोव्हास्टॅटिन एकच निघाले. म्हणजे तो तांदूळ खाणारा माणूस स्टॅटिनच घेतो, फक्त किती ते त्याला माहीत नसते.

घरोघरी आणखी एक गोष्ट घडते. अब्बांची गोळी आठवणीने दिली जाते, अम्मींची तपासणीच होत नाही. मासिक पाळी थांबल्यावर बायकांचे एलडीएल वाढते, आणि त्यांचा झटका पुष्कळदा छातीतल्या कळेऐवजी धाप, मळमळ, कमालीचा थकवा अशा रूपात येतो. रमजानात पहाटे साडेतीनला उठून सहेरी करणाऱ्या आणि इफ्तारपर्यंत चुलीजवळ असणाऱ्या बाईचा थकवा कोण मोजणार? ज्यांना गोळी लिहून दिलेली असते त्याही महिन्याच्या शेवटी पाकीट परत आणत नाहीत, "खर्च वाढतो" म्हणून. अटोर्व्हास्टॅटिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जनऔषधी केंद्रात ते बरेच स्वस्त मिळते, हे अशा घरांत सांगायला हवे. त्याच्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी मात्र लागते. शेजाऱ्याच्या पाकिटातून चार गोळ्या मागून घेण्याचे हे औषध नव्हे.

कॅप्सूलचा प्रश्न दोन्हीकडचे लोक विचारतात, बहुतेक वेळा दबक्या आवाजात. स्टॅटिन आणि अॅस्पिरिन एकत्र असलेले औषध पुष्कळदा कॅप्सूलमध्ये येते आणि तिचे आवरण बहुधा जनावरांपासून काढलेल्या जिलेटिनचे असते. हलालचा विचार करणारे आणि शुद्ध शाकाहारी, दोघांनाही ते खटकते, आणि दोघेही काही न बोलता कॅप्सूल टाकून देतात. न बोलण्याचे कारण नाही. तीच औषधे वेगवेगळ्या साध्या गोळ्यांच्या रूपात मिळतात, डॉक्टरांना सांगितले की ते चिठ्ठी बदलून देतात. अटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन तर बुरशीतूनही काढत नाहीत, कारखान्यात रसायनांपासून बनवतात.

तपासणीचे म्हणाल तर कोलेस्टेरॉलच्या रक्तासाठी बहुतेकदा उपाशी राहावे लागत नाही, फक्त ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असेल तर लागते. ज्यांना उपाशीपोटी रक्त द्यायला सांगितले आहे त्यांना रोज्याची दुपार सोयीचीच. ईदच्या दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाणाऱ्यांच्या रिपोर्टमध्ये शीरखुर्मा दिसतो तो ट्रायग्लिसराइडच्या आकड्यात, एलडीएल दोन वाट्यांनी फारसे हलत नाही. तरी आठवडाभर थांबलेले बरे. जाताना कागदावर लिहून न्यावे, रमजानात गोळी किती दिवस घेतली, किती दिवस चुकली आणि शेवटची कधी घेतली.